कुपनांची काटकसर

काटकसर हा सद्गुण आहे कीं नाहीं, याविषयीं वाद घालण्याचा आमचा हेतु नाहीं. मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास तो वाद घालण्याची सोयही नसते. परंतु ज्या गोष्टीला काटकसरीचें नांव देऊन सध्यां तिचे गोडवे गाइले जात आहेत, ती त्या नांवास पात्र आहे काय, हा प्रश्न मात्र आम्हांस विचारावासा वाटतो. आमचे एक विद्वान् मित्र नुकतेच अमेरिकेचा प्रवास करून परत आले. आणि तेथील गृहिणी सवलतीचीं कुपनें व दुकानांतले स्वस्ताईचे आठवडे यांची सांगड घालून किराण्याचा खर्च निम्म्यावर कसा आणतात, याचें वर्णन त्यांनीं आमच्या मित्रमंडळांत मोठ्या रसाळपणें केलें. आपल्याकडील गृहिणींनीं ही विद्या सत्वर आत्मसात् करावी, असा त्यांच्या भाषणाचा समारोप होता. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हीं त्या वाजविल्या नाहींत; त्याचें कारण सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

ही विद्या आम्हांस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं न्यू जर्सी येथें कन्येच्या घरीं आमचें तीन महिने वास्तव्य होतें, तेव्हां तिचें स्वरूप आम्हीं जवळून पाहिलें. तें थोडक्यांत असें. कुपनें दोन जातींचीं असतात. एक कारखानदाराचें, त्याची रक्कम दुकानदारास कारखानदाराकडून परत मिळते आणि हाताळणावळ म्हणून सामान्यतः आठ सेंट वर मिळतात. दुसरें खुद्द दुकानाचें; त्याची झळ दुकान स्वतः सोसतें. एकाच वस्तूवर हीं दोन्ही एकदम चालवितां येतात, आणि ज्या आठवड्यांत ती वस्तु दुकानानें आधींच उतरत्या भावानें मांडली असेल तोच आठवडा साधला, तर तीन सवलती एकमेकींच्या खांद्यावर बसतात. समजा, न्याहारीच्या लाह्यांचा एक पुडा पांच डॉलरांचा आहे. आठवड्याच्या स्वस्ताईंत तो अडीच डॉलरांस मिळतो. कारखानदाराचें पाऊण डॉलरचें कुपन आणि दुकानाचें अर्ध्या डॉलरचें कुपन लावलें कीं सव्वा डॉलरांत तो पदरांत पडतो. कांहीं दुकानें कुपनाची रक्कम स्वतःच्या पदरानें दुप्पटही करून देत; ती चाल आतां विरळ झाली आहे. रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर येणाऱ्या कुपनांच्या पुरवण्याही रोडावल्या असून पुष्कळसा व्यवहार फोनवर गेला आहे. युक्ति तीच, फक्त कात्री गेली.

या युक्तीचा इतिहास सव्वाशें वर्षांहून जुना आहे. १८८७-८८ च्या सुमारास कोकाकोलाचे आसा कँडलर यांनीं फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. पुढें न्याहारीच्या धान्याचे कारखानदार सी. डब्ल्यू. पोस्ट यांनीं एक सेंट सवलतीचीं कुपनें काढलीं. मंदीच्या दिवसांत या चिठ्ठ्यांस नेहमींच भर येतो. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतरही तो आला, आणि २०११ पासून तर गाडाभर सामान नाममात्र पैशांत नेणाऱ्या कुपनवीरांचे पराक्रम दूरचित्रवाणीवर दाखविले जाऊं लागले. आमच्या मित्रांनीं जें पाहिलें तें याच पराक्रमाचें घरगुती रूप होय.

त्यांचे मुद्दे तीन होते. या विद्येनें पैसा वांचतो. तिनें कोणाचें नुकसान होत नाहीं. आणि तिच्यामुळें गृहव्यवस्थेस शिस्त लागते. या तिन्हींचा क्रमानें विचार करूं.

पैसा वांचतो, हें खरें. पण तो वांचतो म्हणणें योग्य कीं मिळतो म्हणणें योग्य? आमच्या कन्येच्या शेजारीं राहणारी एक बाई शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मिळून पांच तास या कामीं घालवीत असे. आणि तीस डॉलर वांचले कीं तो आठवडा तिला सार्थकीं लागल्यासारखा वाटे. तासाला सहा डॉलर झाले. त्या देशाच्या मध्यवर्ती कायद्यानें ठरविलेलें किमान वेतन २००९ पासून ताशीं सव्वासात डॉलर आहे, आणि खुद्द न्यू जर्सींत तें पंधरा डॉलरांहून अधिक आहे. म्हणजे जी बचत म्हणून मिरविली जाते ती बचत नसून मजुरी आहे, आणि तीही कायद्यानें ज्या दरानें कोणास राबवितां यावयाचें नाहीं त्या दराची. फरक इतकाच कीं, ही मजुरी रोख मिळत नाहीं. ती घेण्यासाठीं अगोदर कांहींतरी विकत घ्यावें लागतें. ज्यांस दुसरा उद्योग मिळत नाहीं, किंवा चार डॉलरांवांचून ज्यांचें खरोखरच अडतें, त्यांनीं हें काम केलें तर त्यांस हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आम्हांस तर मुळींच नाहीं. परंतु गरजेपोटीं पत्करलेल्या मजुरीला सद्गुणाचा मान देऊन ती सुखवस्तु घरांस शिकवूं पाहणें, ही निराळी गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कारखानदार आपला माल कांहीं जणांस सव्वा डॉलरांत देण्यास राजी असतो, तर मग तोच भाव सर्वांस कां देत नाहीं? अर्थशास्त्रज्ञांनीं याचें उत्तर फार पूर्वीं दिलें आहे. चक्रवर्ती नरसिंहन् यांनीं १९८४ सालीं तें रीतसर मांडलें. कुपन हें दान नव्हे, ती चाळणी आहे. भाव चढला तर जो माल टाकून जाईल असा गिऱ्हाईक एकीकडे, आणि भाव चढला तरी निमूटपणें देईल असा गिऱ्हाईक दुसरीकडे, अशी निवड त्या चाळणीनें होते. पहिल्यास थोडें सोडावयाचें आणि दुसऱ्याकडून पुरतें घ्यावयाचें. वाटलेल्या शंभर कुपनांपैकीं वटतें तें फार तर एखादें, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे उरलेल्यांचें काय होतें तें निराळें सांगावयास नको.

आतां या चाळणीचीं भोकें कोणत्या मापाचीं आहेत तें पाहावें. ज्यास रिकामा वेळ आहे, ज्याच्या दारीं मोटार आहे, ज्याच्या घरांत दहा पुडे ठेवण्यास फडताळ आहे आणि ज्याच्या हातांत नवा फोन आहे, तो स्वस्तांत पार पडतो. दोन पाळ्यांत राबणारी परिचारिका, एका खोलींत राहणारा मजूर, दृष्टि अधू झालेला म्हातारा, हे चाळणीवर राहतात. एके दिवशीं दुकानाच्या गल्ल्यापाशीं आमच्या पुढें एक वृद्ध गृहस्थ उभे होते. अंड्यांच्या पेटीखालीं लावलेल्या पाटीवरचा भाव पाहून त्यांनीं पैसे मोजून हातांत ठेवले होते. तो भाव फोनवरील कुपन उघडणारांसच आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांच्यापाशीं तसला फोन नव्हता. त्यांनीं हातांतले पैसे पुन्हा एकदां मोजले आणि पेटी परत ठेवली. त्यांच्या पाठोपाठ आमच्या कन्येनें तीच पेटी उतरत्या भावानें घेतली. त्या अंड्यांचें कालवण त्या रात्रीं आम्हांस गोड लागलें नाहीं. कोणाचें नुकसान होत नाहीं, असें म्हणणारांनीं तें नुकसान गल्ल्यापाशीं उभें राहून पाहावें. हा आमच्या एकट्याचा हळवेपणा आहे असेंही नाहीं. सॅन डिएगो येथील नगरसभेनें २०२५ सालीं, जी सवलत फोनवर द्याल ती कागदावरही द्या, असा नियमच केला.

तिसरा मुद्दा गृहव्यवस्थेचा. घरांत काय सरलें आहे, हा गृहिणीचा पहिला प्रश्न. कुपनाच्या राज्यांत तो मागें पडून, बाजारांत आज काय उतरलें आहे, हा प्रश्न पुढें येतो. आमच्या शाकाहारी जांवयांच्या तळघरांत मांस भाजतांना लावावयाच्या मसालेदार रसाच्या सहा बाटल्या आम्हीं पाहिल्या. विचारलें तेव्हां कन्या म्हणाली, "बाबा, त्या जवळजवळ फुकटच पडल्या." फुकट पडलेली निरुपयोगी वस्तु ही महागच असते, हें तिला लहानपणीं आम्हींच शिकविलें होतें! शिवाय या सवलती बहुधा असतात त्या डबाबंद लाह्या, गोड पेयें, साबण, सुगंधी द्रव्यें यांवर. तांदूळ, डाळ, भाजी यांच्या वांट्यास त्या क्वचित् येतात. ज्यावर नांव छापतां येतें त्याचेंच कुपन निघतें. त्यामुळें कुपनाच्या मागें जाणारें घर हळूहळू छापील अन्नाच्या मागें जातें.

आमच्या घरांतही एकेकाळीं स्वस्ताई साधली जात असे. उन्हाळ्यांत वर्षाचा गहूं आणि तूरडाळ भरावयाची, मिरच्या वाळवावयाच्या, डब्यांत कडुनिंबाचा पाला घालावयाचा, ही बेगमी आमच्या आईच्या हातची आम्हांस आठवते. तीही भाव उतरला असतां खरेदी करण्याचीच कला होती. पण तो भाव शेतांत पीक आलें म्हणून उतरत असे, आणि तो सर्व गांवास सारखाच उतरत असे. कुपनाचा भाव जाहिरातीच्या कचेरींत उतरतो, आणि ज्याला उतरावयाचा त्यालाच उतरतो. मंडईंत आपण घासाघीस करतों, तेव्हां विकणारा आपल्यासमोर असतो. त्याचें तोंड पाहून आपणही कोठें थांबावें तें समजतों. कुपन ही अशी घासाघीस आहे कीं, जींत विकणारा दिसत नाहीं, आणि आपण काय खातों, केव्हां खातों, किती देऊं शकतों, हें सर्व त्यास आपल्या फोनवरून अगोदरच कळलेलें असतें.

यावर एक सबळ आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लोकांस हेंच हवें आहे, त्यास तुम्ही काय करणार? २०१२ सालीं अमेरिकेंतील जे. सी. पेनी या कापडचोपडाच्या मोठ्या पेढीचे प्रमुख रॉन जॉन्सन यांनीं कुपनें आणि खोटे उतरते भाव बंद करून रोजचा एकच सरळ भाव लावला. वर्षाच्या आंत विक्री सुमारें चतुर्थांशानें घटली आणि एप्रिल २०१३ मध्यें त्यांस जावें लागलें. सरळ भाव लोकांनींच नाकारला, असें यावरून म्हणतात. आमच्या मतें यावरून निराळेंच सिद्ध होतें. दहा दुकानें दुप्पट भाव लिहून अर्ध्यावर देत असतां एकट्यानें खरा भाव लिहिला, तर तो महाग दिसावयाचाच. म्हणून ही गोष्ट एकट्या दुकानदाराच्या सचोटीवर सोडून चालत नाहीं. तिला सर्वांस सारखा असा नियम लागतो. आपल्याकडे १९९० पासून बंद पुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापणें सक्तीचें झालें, तें याच जाणिवेनें. दुर्दैव असें कीं, ती कमाल किंमत कारखानदारच ठरवितो. तेव्हां ती चढवून छापावयाची आणि मग तिच्यावर सूट दिल्याचा डंका पिटावयाचा, ही वाट मोकळी राहिली. २६ जानेवारी २००६ रोजीं 'सर्वांत स्वस्त दिवस' म्हणून एका मोठ्या दुकानसाखळीनें हांक दिली, तेव्हां लोटलेली गर्दी पुष्कळांस आठवत असेल. आतां ती गर्दी फोनवर लोटते, एवढेंच.

मग करावें काय? १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल येथें अठ्ठावीस जणांनीं, त्यांत विणकर पुष्कळ, मिळून एक दुकान काढलें. पीठ, लोणी, साखर असा थोडका माल, भेसळ नाहीं, वजन पुरें, भाव बाजारचा. आणि नफा उरेल तो ज्यानें जितकी खरेदी केली त्या प्रमाणांत परत. तीही खरेदीवरची सवलतच होती, परंतु ती मिळविण्यासाठीं कोणास चाळणींतून जावें लागत नव्हतें. इतकें दूरही जावयास नको. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, महिन्याची मागणी एकत्र नोंदवून, घाऊक माल आणून आपसांत वांटून घेण्याची पद्धति घालून दिली. तेथेंही वेळ द्यावा लागतो, हें आम्हांस मान्य आहे. याद्या कराव्या लागतात, पोतीं उचलावीं लागतात. परंतु त्या तासाचें फळ सबंध संघास मिळतें. कामावर गेलेल्या शेजारणीचा वांटाही तितक्याच भावानें तिच्या घरीं जातो. कुपनाच्या पांच तासांचें फळ एकाच फडताळांत बंद होतें.

आमच्या विद्वान् मित्रांस आमची विनंती इतकीच आहे कीं, पुढील व्याख्यानांत त्यांनीं कुपनें कशीं जुळवावीं हें अवश्य सांगावें. पण तीं ज्यांस जुळवितां येत नाहींत त्यांच्याकडून काय घेतलें जातें, हेंही त्याच वहींत लिहून ठेवावें. काटकसरीचा हिशोब आपल्या घरापुरता मिटला म्हणजे पुरा होतो, असें आम्हांस वाटत नाहीं. गल्ल्यापाशीं आपल्या पुढें जो उभा होता, तो रिकाम्या हातानें गेला असेल तर हिशोबांत बाकी राहतेच.