मूडलाही ऊन दाखवा!

जुलै आला की मुंबईतल्या ऑफिसांत एक साथ पसरते. तापाची नाही हो, ‘आज मूडच नाही यार’ची! पहिला पाऊस, कांदाभजी, लोणावळ्याची ट्रिप... जून कसा झकास जातो. मग सलग आठ दिवस सूर्य गायब, बूट ओले, लोकल लेट आणि कशातच राम वाटत नाही.

हे सगळे नखरे नव्हेत, बॉस! नॉर्मन रोझेन्थाल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला गेले. तिथल्या हिवाळ्यात आपली एनर्जी ढेपाळते, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या त्रासाला नाव दिलं, ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’. आद्याक्षरं जोडा, शब्द होतो ‘सॅड’!

आपला पावसाळा म्हणजे तिकडचा लांबलचक हिवाळा नव्हे, त्यामुळे प्रत्येक कंटाळ्याला आजार म्हणू नका. पण शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावरच लागतं, हे इथेही खरं. ऑफिसातल्या दिव्यांखाली साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा तो बऱ्याचदा काही हजार लक्स भरतो. म्हणून माझा फंडा सोपा आहे: सकाळी मोबाइलआधी खिडकी उघडायची, ऑफिसच्या एक स्टॉप अलीकडे उतरून छत्री घेऊन चालायचं आणि चहा मशीनचा नाही, टपरीवरचा प्यायचा. रविवारी मात्र दुपारपर्यंत लोळायचं नाही, रोजच्याच वेळेला उठायचं.

आता जरा सीरियस. शेजारच्या डेस्कवरची माझी मैत्रीण एका पावसाळ्यात टपरीवर येईनाशी झाली. विचारलं की म्हणायची, “काही नाही गं, पाऊस आहे ना!” गणपती आले, गेले, लख्ख ऊन पडलं. हिचं मळभ तसंच. डबा अर्धा परत, रात्रभर जाग. शेवटी डॉक्टरकडे गेली तेव्हा कळलं, हे डिप्रेशन आहे. औषधं आणि काउन्सेलिंग सुरू झालं, आणि डिसेंबरात कटिंगचे पैसे पुन्हा तीच देऊ लागली.

तेव्हा मंडळी, हिशेब लक्षात ठेवा. दोन-चार दिवसांची मरगळ असेल तर उजेड, चालणं आणि गप्पा. उदासी दोन आठवडे रोज मुक्कामाला असेल, झोप-भूक-काम बिघडत असेल, तर डॉक्टर. जगणंच नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे.

आणि शेजारचा डेस्क बरेच दिवस गप्प असेल, तर हवामानावर ढकलू नका. एकदा विचारा. मग दुसऱ्यांदाही विचारा!