बेंबीच्या देठापासून

गेल्या शनिवारी कॉलेजचा जुना कंपू बऱ्याच दिवसांनी जमला. कोथरूडला, एकाच्या गच्चीवर. नेहमीचंच सगळं. कोण ऑनसाईट गेला, कुणाचं लग्न ठरलं, फ्लॅटचा हप्ता किती बसतो. आणि मग रात्री अकराच्या सुमारास हमखास निघणारा तो किस्सा. थर्ड इयरचं गॅदरिंग, आमच्या बँडचं शेवटचं गाणं. आमचा गायक (नाव नको, गायकच म्हणू) स्टेजवरून उतरला, मागच्या बेसिनपाशी गेला, थुंकला आणि थुंकीत रक्त! "काय गायला होता राव त्या दिवशी! याला म्हणतात मेटल!"

मंडळी, या किश्श्यावर दरवेळी टाळ्या पडतात. गायक तिथेच कठड्याला टेकून बसला होता. हसला, बोलला काही नाही. तसाही हल्ली तो चारचौघांत फारसा बोलत नाही, कारण गोंगाटात त्याचा आवाज पोचतच नाही. त्या गॅदरिंगनंतर दीडेक वर्षात त्याच्या स्वरतंतूवरचा पॉलिप ऑपरेशन करून काढावा लागला. बोलण्यापुरता आवाज परत आला, वरची पट्टी मात्र गेली ती गेलीच. आता तो बाथरूममध्येसुद्धा गात नाही. किस्सा सांगणाऱ्यांना हे सगळं माहीत आहे. तरी किस्सा बेसिनपाशीच संपतो.

आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी बेसिनपाशी "भारी!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारणारा पहिला माणूस मीच होतो.

तर आजचं हे सगळं त्या थापेबद्दल आहे. आमच्या या मेटलवाल्या जमातीत एक अंधश्रद्धा ठाण मांडून बसली आहे की स्क्रीम 'आतून' यावी लागते, ती शिकायची नसते, आणि शिकलात तर तुम्ही पोझर. घसा फाटला म्हणजे भावना खरी. मला हे साफ चुकीचं वाटतं. नुसतं चुकीचं नाही, बावळटपणाचं आणि क्रूरपणाचं वाटतं, कारण किंमत टाळ्या वाजवणारा मोजत नाही.

(दुसऱ्या बाजूची मंडळी, म्हणजे "हे काय गाणं आहे? कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं!" वाले काका, त्यांच्याशी आज भांडण नाही. आवड आपली आपली. पण गंमत बघा, काका आणि आमचे मेटलवाले एका मुद्द्यावर एकमत आहेत: यात शिकण्यासारखं काही नाही, नुसतं ओरडायचं!)

आता थोडं यंत्राबद्दल. आपल्या गळ्यात दोन खरे स्वरतंतू असतात. साधं बोलतानाही पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात, बायकांचे साधारण दोनशे वेळा. वरच्या पट्टीत किंचाळलं की पाचशेच्या पुढे. त्यात आपण खालून हवेचा जोर वाढवला आणि वरून गळा आवळला, की प्रत्येक आपटणं जास्त जोराचं होतं. रोज तेच झालं की त्या जागी घट्टे पडल्यासारख्या गाठी येतात. किंवा एखाद्या दिवशी तिथली बारीकशी रक्तवाहिनी फुटते आणि पुढे त्याचा पॉलिप होऊ शकतो. यात कुठेही 'भावना' नावाचा अवयव नाही. प्रेमभंगात ओरडलात काय किंवा रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडलात काय, स्वरतंतूंना दोन्ही सारखंच.

पण या खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, फॉल्स कॉर्ड्स. खोटे स्वरतंतू म्हणा. जड वस्तू उचलताना 'हंऽ' करून श्वास कोंडतो ना, तेव्हा हे जवळ येतात. खोकताना येतात. घसा साफ करताना तो घरघरीत आवाज येतो त्यातही यांचा हात असतो. जाडजूड, मऊ, ओलसर असा हा ऐवज. मेटलमधला तो खालचा, राक्षसी आवाज बऱ्याचदा या खोट्या तंतूंच्या थरथरण्याने होतो, खरे तंतू बिचारे आपटून घेऊन नव्हे. तुवाचे कारगिरा गाणारे आणि तिबेटी मठांतले खर्जात मंत्र म्हणणारे भिक्षू हेच खोटे तंतू वापरतात. लुई आर्मस्ट्राँगचा तो प्रसिद्ध खरखरीत आवाज त्याच्याही वरच्या घड्यांमधून यायचा. म्हणजे ही खरखर काही नव्वद सालानंतर केस वाढवलेल्या पोरांनी शोधलेली नाही. माणूस ती जुन्या काळापासून शिकतोय आणि शिकवतोय.

शिकवतोय हा शब्द महत्त्वाचा. न्यूयॉर्कमध्ये मेलिसा क्रॉस नावाच्या बाई आहेत, पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकलेल्या. त्यांनी २००५ साली 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' नावाची चक्क डीव्हीडी काढली. त्यांचे विद्यार्थी कोण? लॅम्ब ऑफ गॉडचा रँडी ब्लाइद. आर्च एनिमीची अँजेला गॉसो. या अँजेलाच्या स्वरतंतूंवर सुरुवातीच्या काळातच गाठी आल्या होत्या, मग ती शिकायला गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं जगभर गायली. तिला 'पोझर' म्हणायची कुणाची हिंमत आहे? तिकडे डेन्मार्कमध्ये कॅथरिन सॅडोलिन यांनी डिस्टॉर्शन, ग्राउल, ग्रंट, रॅटल असे वेगवेगळे प्रकार सुटे करून प्रत्येक कसा काढायचा ते लिहून ठेवलं. आपण सगळ्याला एकच शब्द वापरतो, 'बोंबलणं'. आणि २०२२ मध्ये लॉर्ना शोरच्या विल रामोसच्या गळ्यात कॅमेरा घालून तो स्क्रीम करत असताना आत काय काय हलतं ते चित्रित केलं गेलं. पुढाकार होता एलिझाबेथ झॅरॉफ या ऑपेरा गायिकेचा. जरूर बघा, पण जेवताना नको.

माझं म्हणाल तर मी मूळचा गिटारवाला. गायक थांबल्यावर बँडमध्ये दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी माईक घेतला आणि त्याचीच सगळी पापं पुन्हा केली. होस्टेलवर आमची एक स्पर्धा चालायची. लिंकिन पार्कच्या 'गिव्हन अप' मध्ये चेस्टर बेनिंग्टनने सतरा सेकंदांची सलग स्क्रीम ठेवली आहे, तिच्याबरोबर कोण किती टिकतो. मी अकरावर गेलो आणि त्या आठवड्यात घसा असा बसला की सकाळच्या स्टँडअपला क्लायंटने विचारलं, तुमच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे का? शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी कॅमेऱ्याने आतलं दाखवलं. दोन्ही स्वरतंतू लालभडक, सुजलेले. मॅडम म्हणाल्या, "गाठी अजून नाहीत. पण तुम्ही प्रयत्न चांगला चालवलाय."

तिथे माझा माज उतरला. मग पंधरा दिवस मौन (कुजबुजणंही बंद, कुजबुजण्याने घशाला आराम मिळतो हा गैरसमज आहे) आणि मग एका शिक्षकाकडे ऑनलाईन शिकवणी.

पहिला महिना मला स्क्रीम करूच दिलं नाही. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून त्यातून सूर लावत बुडबुडे काढायचे! रोज दहा मिनिटं. आई दारात उभी राहून बघायची आणि न बोलता जायची. स्ट्रॉमुळे तोंडात जो उलटा दाब तयार होतो त्याने स्वरतंतू कमी आपटून काम करायला शिकतात. मग श्वास. मग सकाळी झोपेतून उठल्यावर जो करकर करणारा आवाज निघतो तो मुद्दाम काढायला शिकणं. मग घसा साफ केल्यासारखा हलका उसासा, अगदी बारीक आवाजात. इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. स्क्रीम ऐकायला जेवढी मोठी वाटते तेवढी मोठी नसते! माईक जवळ असतो, अँप्लिफायर असतो, आवाज मोठा करण्याचं काम विजेचं आहे. आपण द्यायचा तो फक्त पोत. दुखलं, टोचलं, खोकला आला, की त्या क्षणी थांबायचं. 'अजून एकदा' नाही.

आपल्या जॅमरूम तर या सगळ्याच्या मुळावर उठलेल्या असतात. दहा बाय बाराची खोली, ड्रमर पेटलेला, मॉनिटर एक तर नाही किंवा फुटका. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ मध्येच हे नोंदवलं, त्याच्याच नावाने ओळखतात. म्हणजे इथे 'मी ओरडणार नाही' हा निश्चय कामाचा नाही, कानात इयरफोन घालून स्वतःचा आवाज ऐकण्याची सोय कामाची. तीन हजारांचं पेडल घेणारी पोरं यावर तीनशे खर्च करत नाहीत. असो.

आता मुख्य आक्षेप. "अरे, टेक्निक आलं की फील जातो." याला पुरावा म्हणून मला नेहमी 'ट्विस्ट अँड शाउट' ऐकवलं जातं. ११ फेब्रुवारी १९६३, बीटल्सनी जवळपास अख्खा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला, लेननला सर्दी झालेली, घसा संपत आलेला, म्हणून हे गाणं सगळ्यात शेवटी ठेवलं आणि तो त्या फाटक्या आवाजात असा गायला की विचारता सोय नाही. मान्य. शंभर टक्के मान्य, मलाही अंगावर काटा येतो. पण पुढचं कोणी सांगत नाही. त्यांनी दुसरा टेक करून पाहिला आणि तो वाया गेला, कारण आवाजच उरला नव्हता. म्हणजे ही पद्धत बरोबर एक टेक चालते! दिवसातलं शेवटचं गाणं असेल आणि उद्या कुठे गायचं नसेल तर वापरा खुशाल. महिन्यात वीस शो करणाऱ्याने काय करायचं?

आणि फीलचं म्हणाल तर स्टेजवर 'आता घसा पुरेल का' या भीतीने गाणारा माणूस कसला डोंबलाचा फील देणार? मला पहिल्यांदा गाण्यातल्या शब्दांकडे लक्ष देता आलं ते घशाची काळजी सुटल्यावर.

शिवाय आपण मराठी लोकांनी तरी हा 'फील विरुद्ध टेक्निक' वाद घालू नये. पहाटे उठून खर्ज भरायला लावणारी आपली परंपरा. आवाजाची साधना हा शास्त्राचा विषय आहे असं प्रा. बी. आर. देवधर आणि पुढे त्यांचे शिष्य डॉ. अशोक दा. रानडे यांनी मराठीत आयुष्यभर सांगितलं. माझी आत्या गाणं शिकवते. तिला एकदा भीत भीत माझा ग्राउल ऐकवला. तिने कानात बोटं घातली, मग काढली, आणि म्हणाली, "हे काय आहे ते देव जाणे, पण श्वास बरोबर घेतोयस. मान मात्र ताणू नकोस." माझ्या शिक्षकानेही त्याच आठवड्यात मानेबद्दल तेच सांगितलं होतं! आणि आपल्या भाषेला तर हे आधीपासूनच माहीत असावं. 'घसा फोडणं' वेगळं आणि 'बेंबीच्या देठापासून ओरडणं' वेगळं. जोर कुठून यायला हवा ते वाक्प्रचारात लिहून ठेवलंय, आपणच वाचत नाही.

आता याचा अर्थ टेक्निक आलं की घसा अमर झाला, असा नाही. 'पाच मिनिटांत सेफ स्क्रीम शिका' वाल्या व्हिडिओंवर माझा तेवढाच राग आहे. चांगल्या पद्धतीनेही रोज चार तास केलं, वर सर्दी असताना केलं, तर सूज येणारच. 'सेफ' म्हणजे जोखीम कमी, शून्य नव्हे. हेल्मेट घातलं म्हणून कोणी चांदणी चौकात डोळे मिटून गाडी चालवत नाही. दोन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर ज्येष्ठमध, खडीसाखर चघळत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा आणि आत कॅमेरा घालून बघायला सांगा. आम्ही गायकाला ते सांगितलं नाही. आम्ही त्याला सांगितलं, पुढच्या गिगपर्यंत बरा होशील.

शनिवारी गच्चीवरून उतरताना मी त्याला विचारलं, तुला राग येत नाही का रे त्या किश्श्याचा? तो जरा थांबला. त्याच्या त्या बसक्या आवाजात म्हणाला, "येतो. पण तेवढंच तर आठवतंय त्यांना माझ्याबद्दल."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथे लिहितोय, कंपूतले सगळे वाचतात हे माहीत आहे. पुढच्या वेळी किस्सा सांगायचाच असेल तर पूर्ण सांगा. बेसिन, मग ते दीड वर्ष, मग ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा बाक, ज्यावर आपल्यापैकी दोघंच आले होते, मग पाटी-पेन्सिल घेऊन त्याने काढलेला आठवडा. आणि मग बघा टाळ्या वाजवाव्याशा वाटतात का.