पुस्तकगाडीवरची सौरवीज

यंदा २० मार्चला महाडला आमच्या मंडळाची पुस्तकगाडी ज्यांनी पाहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. पुस्तकांविषयी नव्हे, टपावरच्या निळ्या-काळ्या काचांविषयी. "वायर कुठून ओढलीत?" कुठूनच नाही, असे सांगितले की लोक गाडीला फेरी मारून पाहात. काहींनी नंतर पत्रे पाठवली, की आमच्याही मंडळाला असे करायचे आहे, तपशील कळवा. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा या सदरातच सगळे सांगावे असे ठरवले.

गाडी म्हणजे जीपमागे जोडायची दोन चाकांची बंद ट्रॉली. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. एका बाजूला पुस्तकांची फळी, दुसऱ्या बाजूला बाक. दिवसा त्या बाकावर बसून रक्तदाब आणि साखर तपासायची, रात्री त्यावरच दोन कार्यकर्त्यांनी झोपायचे. वर्षावासात वाड्यावस्त्यांवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन, एरवी जयंत्या, मेळावे, आरोग्य तपासणी अशी तिची फिरती चालू असते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माघातली थंडी होती. एका गावात आम्ही एका घरून वीज मागून घेतली होती. पैसे देऊ केले तर "कशाला, माणुसकी आहे की" असे उत्तर मिळाले. संध्याकाळी वस्तीतल्या आयाबाया तपासणीला आल्या, ध्वनिवर्धकावर वाचन सुरू झाले, आणि साडेआठच्या सुमारास गाडी अंधारात गेली. आम्हाला वाटले भारनियमन. वर पाहिले तर त्या घरची गॅलरी झगमगत होती. विचारायला गेलो तर "मीटर फार पळायला लागला" एवढेच ऐकायला मिळाले. त्या वेळी एका मावशीच्या बोटाला सुई टोचून झाली होती आणि थेंब पट्टीवर घ्यायचा होता. मोबाइलच्या उजेडात तो घेतला. मावशी म्हणाल्या, "बाळा, विहिरीचं झालं, आता तारेचं का?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

पुढच्या फिरतीला आम्ही जनरेटर भाड्याने घेतला. त्याच्या आवाजात वाचन ऐकू येईना, धूर बाकावर बसलेल्या दम्याच्या रुग्णाच्या नाकात, आणि पेट्रोलचा खर्च पाहून आमच्या खजिनदारांनी वही मिटून ठेवली. तेव्हा सौरविजेचा विषय बैठकीत आला.

बैठकीत विरोधही झाला आणि तो गैर नव्हता. विहाराच्या फरशीसाठी वर्गणी जमत होती. फरशी सोडून गाडीला काचा कशाला? त्यावर आम्ही एक आठवण दिली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेचा विषयही बाबासाहेबांकडे होता. १९४३ साली विजेच्या धोरणासंबंधीच्या समितीपुढे अध्यक्ष या नात्याने बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, कारण दारिद्र्यातून सुटण्याचा रस्ता उद्योगाचा आणि उद्योगाचा रस्ता विजेचा, असा विचार मांडला होता. आमची ट्रॉली म्हणजे काही कारखाना नव्हे, हे आम्हालाही कळते. पण मागून घेतलेला दिवा आणि आपला दिवा यांतला फरक त्या माघातल्या रात्री सगळ्यांनी पाहिला होता. फरशी सहा महिने पुढे गेली. फरशीवाले बंधू अजून अधूनमधून टोमणा मारतात, तो आम्ही ऐकून घेतो.

आता कामाचे. दुकानात जाण्याआधी वही-पेन्सिल घेऊन बसावे. दुकानदार "किती वॅटचे पॅनेल?" असे विचारतो, आपण आधी "रोज किती वीज खाणार?" हे काढायचे. आमचा हिशेब असा: नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. पंचवीस वॅटचा पंखा सहा तास, १५०. ध्वनिवर्धक सरासरी पन्नास वॅट धरून तीन तास, १५०. वीस मोबाइल, प्रत्येकी सुमारे दहा, २००. बेरीज ६८०. वायरीत, बॅटरीत थोडी वीज वाया जातेच, तिच्यासाठी चौथाई वाढवली की ८५० झाले.

टपावर १६५ वॅटची दोन पॅनेले बसली. ३३० वॅट हा आकडा कडक उन्हातला, प्रयोगशाळेतला. आडव्या ठेवलेल्या पॅनेलवर डिसेंबरात पूर्ण जोमाचे ऊन चार तासांइतकेच धरावे, आणि उष्णता, धूळ वगैरेंपोटी तीस टक्के कापावे. ९२४ उरतात. आमचे भागते. २० मार्चच्या सुमारास महाडला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा आडवे पॅनेल उत्तम चालते. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो, म्हणून पॅनेलच्या एका बाजूला बिजागऱ्या लावून ते उचलता येईल असे केले आहे. आळसामुळे आम्ही ते क्वचितच उचलतो.

बॅटरी १५० अँपिअर-तासांची, बारा व्होल्टची, शिशाची. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास होतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. म्हणून हाताशी ९०० धरावे. लिथियम फॉस्फेटची बॅटरी वजनाला हलकी, जास्त खोल वापरता येते, टिकतेही जास्त. तेव्हा आमची झोळी तेवढी नव्हती. आमची बॅटरी पन्नास किलोंच्या वर भरते. ती ट्रॉलीच्या मागच्या टोकाला ठेवू नये. मागे वजन झाले की वेगात ट्रॉली शेपटीसारखी हलते, घाटात तर जीव मुठीत येतो. चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढे ठेवावी आणि पट्ट्याने आवळावी.

एक चूक कळकळीने सांगतो. सुरुवातीला मुलांनी बॅटरी बाकाखाली ठेवली, त्या बाकावर झोपले आणि शेजारी डासांची अगरबत्ती लावली. पाण्याची शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. बंद जागेत तो साठला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. काही झाले नाही हे नशीब. आता बॅटरी वेगळ्या पेटीत आहे, पेटीचे तोंड आतून बंद आणि तिला बाहेरच्या बाजूने वर-खाली भोके. दुसरी कुठलीही काटकसर करा, ही करू नका.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो, नाहीतर बॅटरी जादा चार्ज होऊन उकळते. आमचा तीस अँपिअरचा साधा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेल्या छत्तीस सेलच्या पॅनेलला तो चालतो. घराच्या छतावरचे मोठे पॅनेल स्वस्त मिळाले म्हणून आणाल तर एमपीपीटी जातीचा महाग कंट्रोलर घ्यावा लागेल, नाहीतर बरीच वीज फुकट जाईल. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून फ्यूज बसवावा.

वायरीत आम्ही फसलो. आमच्या मंडळातले वायरमन दादा घरांची कामे करतात, त्यांनी सवयीने दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली. दिवे मिणमिणले आणि ध्वनिवर्धक घरघरू लागला. कारण असे: एकशेवीस वॅटला घरच्या विजेवर अर्धा अँपिअर लागतो, बारा व्होल्टवर दहा अँपिअर लागतात. पाच मीटर जाऊन परत यायला दहा मीटर दीडची वायर धरली तर दहा अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास वायरीतच जिरतो, म्हणजे दहावा हिस्सा! सहाची वायर टाकली तेव्हा तीन दशांश व्होल्टवर काम आले. दादा आधी रुसले, नंतर त्यांनी हे गणित आपल्या वहीत उतरवून घेतले.

इन्व्हर्टर शक्यतो नकोच. दिवे, पंखा, मोबाइलचे सॉकेट सगळे बारा व्होल्टचे मिळते. ध्वनिवर्धकाच्या बऱ्याच यंत्रांना मागे बॅटरीची टोके असतात. भीमगीतांचे कार्यक्रम गाडीच्या बॅटरीवर आणि गॅसबत्तीच्या उजेडात रात्रभर चालत, ते आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. तरी आम्ही तीनशे वॅटचा एक छोटा इन्व्हर्टर ठेवला आहे. महाडला एका उत्साही कार्यकर्त्याने भन्तेजींच्या चहासाठी विजेची किटली आणून त्याला जोडली. किटली पंधराशे वॅटची! इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि मान टाकली. चहा शेवटी शेगडीवरच झाला.

आणि झेंडा. १४ एप्रिलला गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मुलांनी टपाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात निळा झेंडा बांधला. सकाळी दहाच्या उन्हात मीटर बारा अँपिअर दाखवत होता, झेंडा फडकू लागला तसा सातवर आला. पॅनेलमधले सेल माळेसारखे जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली तर माळेचा मोठा भाग बसतो, सावली हातभर का असेना. आम्ही म्हटले, झेंडा हलवा. मुले चिडली. "झेंडा हलणार नाही, काच हलवा!" त्यांच्या चिडण्यामागे काय आहे हे आम्हाला ठाऊक होते, झेंडा काढा असे दुसऱ्यांकडून त्यांनी कितीदा ऐकले असेल. शब्दाने काम होईना, म्हणून त्यांच्यातल्याच एकाला मीटरसमोर बसवले आणि दुसऱ्याला झेंडा हाताने गुंडाळून पुन्हा सोडायला सांगितले. सात, बारा, सात, बारा. पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मग एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "अरे, झेंडा जमिनीत रोवतात. टपावर तो चार हात, बांबूवर वीस हात." उत्तरेच्या बाजूला, गाडीपासून लांब, उंच बांबूवर झेंडा गेला. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो, त्यामुळे दुपारची सावली उत्तरेला पडते. उन्हाळ्यात काही आठवडे हे उलटते, पण तेव्हा दुपारच्या सावल्याच आखूड असतात. पॅनेलवर अशोकचक्र रंगवण्याची सूचनाही आली होती. ती मात्र लगेच मागे घेतली गेली.

त्या माघातल्या गावी आम्ही गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. या वेळी खरेच भारनियमन होते. गाव अंधारात आणि वस्तीच्या तोंडाशी आमची गाडी उजळलेली. दोन्हीकडची पोरे पुस्तकांना लटकली. थोड्या वेळाने त्या घरचा मुलगा मोबाइल घेऊन आला आणि अंतर ठेवून उभा राहिला. आमच्यातले एकदोघे म्हणाले, नाही सांगा. आम्हीही, खरे सांगायचे तर, क्षणभर तसेच मनात आणले. त्याच मावशी बाकावर होत्या. म्हणाल्या, "लावा की. पण ओळीत. पुढं सोळा जण हायेत." तो सतरावा लागला.

पावसाळ्याचे मात्र खोटे सांगणार नाही. गेल्या वर्षावासात कोकणात दाट ढगांच्या दिवशी पॅनेलने चौथाई वीजही दिली नाही. तिसऱ्या दिवशी पंखा बंद, मोबाइल बंद, फक्त वाचनाचा एक दिवा. बॅटरी निवांत असताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. हा कागद आम्ही मीटरजवळ चिकटवला आहे आणि १२.२ ला सगळे बंद करण्याचा अधिकार वाचन करणाऱ्या ताईंना दिला आहे. त्या कोणाचे ऐकत नाहीत, म्हणून बॅटरी शाबूत आहे. आता जीप चालू असताना तिच्या विजेवरही ट्रॉलीची बॅटरी भरेल अशी जाड वायर आणि मध्ये रिले बसवून घेतला आहे. रिले नसेल तर रात्री ट्रॉलीचा पंखा जीपची बॅटरी पिऊन टाकील आणि सकाळी ढकलस्टार्ट करावे लागेल.

सगळा खर्च एकेचाळीस हजारांच्या घरात गेला. पॅनेले पंचवीस वर्षांच्या हमीची आहेत, बॅटरी मात्र चार-पाच वर्षांची सोबती. बी.कॉम.ला घसारा शिकलो तो इथे उपयोगी पडला: बॅटरीच्या नावाने दरमहा तीनशे रुपये वेगळे काढतो आणि खजिनदारांना त्याला हात लावू देत नाही. मोबाइल चार्ज करायचे पैसे घेत नाही, दानपेटी शेजारी असते. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी दर महिन्याच्या पौर्णिमेला पाहायचे असे ठरवले आहे, म्हणजे तारीख विसरत नाही. पॅनेले पहाटे पुसावीत, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, आणि पॅनेल व टप यांच्यात चार बोटे हवा खेळू द्यावी. काच तापली की वीज घटते.

ज्या मंडळांना गाडी पाहायची आहे त्यांनी वाचनाच्या दिवशी यावे. येताना आपली भाराची यादी लिहून आणावी, बेरीज आपण बसून करू. किटली आणू नये.