पावले मोजणारी मुले

ब्रिटनमधील प्राथमिक शाळांत गेल्या काही वर्षांत रुजलेल्या एका उपक्रमाची दखल आपल्या कार्यकर्त्यांनी घ्यावी, असे आम्हांस वाटते. आठ ते अकरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती तेथे मायक्रोबिट नावाचा, साधारण आगपेटीएवढा एक उघडा संगणक दिला जातो. त्यावर पंचवीस तांबडे दिवे, दोन बटणे आणि हालचाल व तापमान टिपण्याची सोय असते. मुलांनी स्वतः आज्ञावली लिहावयाची आणि त्या तुकड्याकडून काम करवून घ्यावयाचे. बीबीसी या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने २०१६ साली असे दहा लाखांपर्यंत संगणक अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मोफत देण्याची योजना हाती घेतली. २०२३ साली प्राथमिक शाळांसाठी, दर शाळेस तीस याप्रमाणे, सुमारे सात लाख संगणकांची मोहीम जाहीर झाली. या कामात मोठ्या कंपन्यांचाही हात होता हे खरे. परंतु वस्तू मुलापर्यंत पोचली ती शाळेच्या दारातून आणि पैसे न मोजता.

या मुलांपुढे पुष्कळदा विषय ठेवला जातो तो आरोग्याचा. मग कोणी बुटाला बांधून पावले मोजणारे यंत्र करतो, कोणी मनाची अवस्था सांगणारा, हसरा वा रडवेला चेहरा दाखविणारा बिल्ला करते, तर कोणी वर्गातील गोंगाट मोजून दाखविते. प्रौढांना ही खेळणी वाटतील. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या त्रासाकडे पाहून 'याला काही करता येईल का' असा प्रश्न नवव्या वर्षी पडणे, आणि उत्तर शोधण्याचे साधन हाती असणे, हे लोकशाही शिक्षणाचेच लक्षण आहे. यंत्र हे केवळ विकत घेण्याची वस्तू असते, या समजुतीला त्या वयातच तडा जातो.

तरीही एक शंका मनात राहते. पावले मोजणाऱ्या यंत्रामुळे मुलाला आपण किती चाललो ते कळते. चालावयास जागा आहे की नाही, हे यंत्र सांगत नाही. आरोग्याचा विषय मुलांपुढे मांडताना तो नकळत ज्याच्या त्याच्या सवयींचा विषय होऊन बसतो. अधिक चाला, हात धुवा, शांत श्वास घ्या! उपदेश चांगलाच आहे. परंतु त्याच ब्रिटनमध्ये १९७१ साली, मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना, सात वर्षांवरील मुलांचे शाळेतील मोफत दूध बंद करण्यात आले, ते मुलांच्या सवयी वाईट होत्या म्हणून नव्हे. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ साली दम्याने दगावली आणि २०२० साली न्यायिक चौकशीअंती हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदले गेले. अशा मुलीच्या वर्गमित्रांनी हवा मोजणारे यंत्र बनविले, तर त्यावर उमटणारा आकडा कोणी वाचावयाचा? महापालिकेने, की त्या मुलीच्या आईने?

मुलांनी यंत्र करावे आणि त्या आकड्याचे उत्तर मोठ्यांनी, म्हणजे सत्तेवर असलेल्यांनी द्यावे, अशी ही वाटणी असली पाहिजे. ती उलटली की संशोधन हे समाजाच्या अपयशावरील पांघरूण होते.

आपल्याकडे या विचाराला फार मोलाचा आधार गडचिरोलीत सापडतो. तेथे डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता तो बालकांच्या न्यूमोनियाचा. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो यावरून हा रोग ओळखता येतो. दोन महिन्यांखालील बाळाचे साठ किंवा अधिक श्वास झाले, तर ते धोक्याचे चिन्ह. पण गावातील सुईणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते आणि त्यांच्याजवळ घड्याळही नव्हते. म्हणून मिनिटभराची वाळूची घटिका आणि मण्यांची ओळ यांचे एक साधे साधन तयार झाले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. त्याविषयीचा लेख १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. त्यात वीज नव्हती, पडदा नव्हता. परंतु ज्याच्या हाती ते द्यावयाचे त्या माणसाचा पूर्ण विचार होता. शिवाय त्या मण्यांच्या मागे औषध देणारी गावातील माणसे आणि एक आरोग्यव्यवस्था उभी होती. शेवटचा मणी सरकला की उपचार सुरू होत. आमच्या मते कोणत्याही डिजिटल साधनाला लावावयाची कसोटी हीच आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील चौथीची मुलगी या कसोटीला उतरणारी कल्पना सुचवू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. आजीच्या गोळ्यांची वेळ, पाण्याच्या टाकीचा तळ, उन्हात ऊसतोडीला गेलेल्या आईला लागणारी धाप हे सारे तिने जवळून पाहिलेले असते. परंतु तिच्या वाट्याला साधन येत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सहावी ते बारावीसाठी आखलेली आहे. दर शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान, पण प्राथमिक वर्ग बाहेर! तीस मायक्रोबिट त्या रकमेच्या एका लहानशा अंशात येतात. दुसरीकडे २०२० च्या टाळेबंदीत सहा वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकविण्याच्या खासगी वर्गांचा जो सुळसुळाट झाला, तो विसरता येत नाही. त्यातील काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या होत्या. ज्यांच्या पालकांना फी परवडते त्यांच्यासाठी संशोधन, आणि उरलेल्यांसाठी मोबाइलवरील तयार खेळ, अशी फाळणी बालवयातच होऊ द्यावयाची काय?

आणि ताटाकडेही पाहिले पाहिजे. राज्याच्या शालेय पोषण आहारात २०२३ साली आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले; २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा निधी थांबविला आणि लोकवर्गणीतून काय ते करा, असे शाळांना सांगितले. ज्या मुलाचे अंडे काढून घेतले त्याला आरोग्यावर कल्पना सुचविण्यास सांगणे, यात औपरोधिक काही आहे हे कोणत्याही शिक्षकाच्या लक्षात येईल. मुलांना तर ते आपल्याआधी दिसते. चांगला शिक्षक असेल तर ती आपल्या यंत्रावर पावलांऐवजी, महिन्यात किती दिवस अंडे मिळाले ते मोजतील.

आमच्या कार्यकर्त्यांपैकी अनेकजण पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांवर आहेत. शिक्षण हक्क कायद्याने या समित्यांत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिलेल्या आहेत आणि शाळेची विकास योजना तयार करण्याचे काम याच समितीकडे सोपविले आहे. पुढील योजनेत प्राथमिक वर्गांसाठी अशा संगणकांचा एक संच मागावा, आणि त्याच कागदावर क्रीडांगण, पिण्याचे पाणी व अंडे यांच्या मागण्या लिहाव्यात. संच मंजूर करून बाकीचे खोडण्याचा प्रयत्न झाल्यास ठराव तसाच परत पाठवावा. आणि एका बैठकीला चौथीच्या मुलांना बोलावून, तुम्हांला काय मोजावेसे वाटते, असे त्यांनाच विचारावे.