अम्मींची लाल छत्री



आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर माझ्या सासूबाईंचे, म्हणजे अम्मींचे, चार फोल्डर आहेत. एकात दुबईच्या दिरांचे व्हिडिओ, दुसऱ्यात नणंदेच्या मुलांचे, तिसऱ्यात गावच्या घराचे आणि चौथ्यात तिलावत. चारही दिसायला सारखेच पिवळे. अम्मींना उर्दू वाचता येतं म्हणून मी नावं उर्दूत टाकली. पण ती बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, आणि नस्तालिकची सवय असलेल्या डोळ्यांना पडद्यावरचं नस्ख परकं वाटतं. मग दर वेळी हाक, "बेटा, जरा लगा के दे." मुलं अभ्यासाला बसली की अम्मी हाकही मारायच्या नाहीत, नुसत्या पडद्याकडे बघत बसायच्या. ते मला फार लागलं.

म्हणून फोल्डरवर अक्षरांऐवजी फोटो लावायचं ठरवलं. आधी दिरांच्या लग्नाचा फोटो घेतला. आयकॉन झाला तेव्हा दिसला फक्त एक रंगीत डाग! कारण साधं आहे. १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, तर डेस्कटॉपवरचा आयकॉन बहुधा ४८ बाय ४८ चा. एवढ्याशा जागेत वऱ्हाड कसं मावणार?

तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "यहींच मैं नमाज पढती, सामने चेहरे मत लगा." मग आम्ही वस्तूंचे फोटो काढले. नणंदेच्या मुलीची सायकल बारीक तारांमुळे ओळखू येईना, म्हणून तिची लाल छत्री घेतली. दिरांसाठी त्यांनी आणलेली कहव्याची पितळी किटली, गावच्या घरासाठी निळा दरवाजा, तिलावतीसाठी लाकडी रेहल. एकच वस्तू, ठळक आकार, साधी पार्श्वभूमी आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. एवढं जमलं की आयकॉन लांबूनही ओळखता येतो.

आता कृती. त्यासाठी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

१. फोटो गिंपमध्ये उघडा आणि वस्तूभोवती चौकोन कापा. चारही बाजू सारख्या हव्यात.

२. 'इमेज'मधल्या 'स्केल इमेज'मध्ये जाऊन लांबी-रुंदी २५६ करा. यापेक्षा लहान आकार विंडोज स्वतःच करून घेतो.

३. 'फाइल'मधून 'एक्स्पोर्ट ॲज' निवडा आणि नावाच्या शेवटी डॉट आयसीओ लिहा. मूळ फोटो तसाच राहतो. जेपीजी फाइलचं नुसतं नाव बदलून मात्र आयकॉन होत नाही.

४. फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबा. 'प्रॉपर्टीज', 'कस्टमाइज', 'चेंज आयकॉन' असं जाऊन 'ब्राउज'ने आपली फाइल निवडा आणि 'ओके' करा.

सगळ्या आयसीओ फाइली एका जागी ठेवा. फाइल हलवली किंवा पुसली तर फोल्डर पुन्हा पिवळा होतो.

हेच काम फुकट करून देणाऱ्या वेबसाइटही आहेत. पण तिथे फोटो आधी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातो. छत्रीचा गेला तर बिघडत नाही. लेकी-सुनांचे फोटो मात्र अमानत आहेत. ते घरातच राहू द्या.

परवा दुपारी शाळेतून आले तर आतून कोंबड्यांचा आवाज येत होता. अम्मी एकट्याच गावच्या अंगणाचा व्हिडिओ बघत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "दरवाजा खुद खोली मैं." निळ्या दरवाजाबद्दल बोलत होत्या.

तुमच्याही घरात असं कुणी हाक मारायला संकोचत असेल, तर या रविवारी एक तास काढा. अल्लाह आपल्या वडीलधाऱ्यांना आफियत देवो. आमीन.