मागितले ते द्या, नसेल तर तसे सांगा

एखादा प्रोग्राम सर्व्हरकडे माहिती मागतो तेव्हा विनंतीसोबत ‘ॲक्सेप्ट’ नावाची एक ओळ धाडू शकतो. जेसन हवे, ते नसेल तर एक्सएमएल चालेल, असे त्या ओळीत सांगता येते; पसंतीचे वजन ० ते १ या आकड्यांत लिहितात. सर्व्हरने ती वाचून जमेल ते रूप द्यायचे आणि काय दिले ते ‘कंटेंट-टाइप’मध्ये नोंदवायचे. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ मध्येही ही सोय होती. तरीही कित्येक वेबसेवा ती ओळ वाचतच नाहीत.

वाचली तर काय साधते, हे शोधनिबंधांच्या डीओआय दुव्यांवर पाहावे. वाचकाने दुवा ब्राउझरमध्ये उघडला की प्रकाशकाचे पान समोर येते. संदर्भसूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याच पत्त्यावर बिबटेक मागितले की लेखक, वर्ष, नियतकालिक अशी सुटी सुटी नोंद हाती येते. क्रॉसरेफ आणि डेटासाइट या नोंदणी संस्थांनी ही व्यवस्था चालवली आहे. उद्या एखादे नवे रूप आले तरी छापून गेलेले दुवे बदलावे लागणार नाहीत.

न वाचल्याचा खरा त्रास होतो तो काही बिघडल्यावर. प्रोग्रामने जेसन मागितलेले असते. सर्व्हर माणसांसाठी सजवलेले एचटीएमएल पान पाठवतो, आणि वर २०० हा ‘सारे ठीक’ सांगणारा क्रमांक. प्रोग्राम पहिल्याच कोनी कंसावर अडखळतो आणि विकसक आपल्याच कोडमध्ये दोष शोधत बसतो. मागितलेले रूप देता येत नसेल तर ४०६ हे उत्तर मानकात आहे. मागणीकडे दुर्लक्ष करून दुसरे रूप देण्याचीही मुभा मानकाने ठेवली आहे, हे खरे. ब्राउझरसमोर बसलेल्या माणसाला ती सोयीची, कारण तो मिळेल ते पान वाचून घेईल. प्रोग्रामला तसे जमत नाही. म्हणून प्रोग्रामांसाठीच काढलेल्या सेवेने ही मुभा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘व्हेरी’ ही ओळही अनेकदा राहून जाते. ॲक्सेप्ट पाहून रूप ठरवले असेल तर सर्व्हरने तसे इथे लिहायला हवे. नाहीतर वाटेतली कॅशे एकासाठी साठवलेले एक्सएमएल जेसन मागणाऱ्या दुसऱ्याच्या हाती ठेवू शकते. कॅशेत आधी काय साठले यावर सारे अवलंबून, त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. सेवा खुली करण्यापूर्वी एकाच पत्त्यावर, कॅशेमार्गे, लागोपाठ दोन वेगळी रूपे मागून पाहावीत.