डोंगरातला जमाखर्च

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील शामोनी या गावी, देवळासमोरच्या चौकात, उन्हाळा सरत आला की दरवर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी सुमारे अडीच हजार माणसे पाठीला छोट्या पिशव्या लावून दाटीवाटीने उभी राहतात आणि ध्वनिक्षेपकावरचे संगीत टिपेला पोहोचले की माँ ब्लां या आल्प्समधील सर्वोच्च शिखराभोवती प्रदक्षिणा घालण्यास निघतात. प्रदक्षिणा हा शब्द मी सवयीने वापरला. शास्त्राप्रमाणे पाहिले तर ती उलटीच म्हणावी लागेल, कारण पर्वत अथपासून इतिपर्यंत डाव्या हाताला राहतो. वाट १७१ किलोमीटरांची, चढ सुमारे १०,००० मीटरांचा, आणि जेथून निघालो तेथेच परतायचे असल्यामुळे उतारही तितकाच. फ्रान्समधून इटलीत, इटलीतून स्वित्झर्लंडात आणि तेथून पुन्हा फ्रान्समध्ये अशा तीन मुलखांच्या सरहद्दी ओलांडून परतण्याची मुदत साडेशेचाळीस तास; पण अग्रभागी धावणारे पुरुष अलीकडे वीस तासांच्या आत-बाहेर परततात. तेथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात, आणि २००३ साली सुरू झालेल्या या शर्यतीचे थेट प्रक्षेपण पाहत माझ्यासारखा निरुद्योगी मनुष्य येथे पुण्यात बसून निष्कारण रात्र जागवतो.

या जागरणांत मला सर्वांत मनोरंजक वाटतात ते पहिले आठ किलोमीटर. शामोनीपासून लेझूश या खेड्यापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे, पुढे दहाएक खिंडी आणि एक संपूर्ण रात्र उभी आहे, आणि या आठ किलोमीटरांत मिळवलेली दोन-तीन मिनिटे अखेरीस कोणाच्याही उपयोगी पडण्याचा संभव फार थोडा आहे, हे तेथील प्रत्येक नामांकित धावपटूला पाठ असते. तरीही जणू शर्यत लेझूशलाच संपणार आहे अशा आवेशाने तो जथा त्या रस्त्यावरून जातो. यांत कोणी मूर्ख नसतो. शेजारचा धावतो म्हणून हा धावतो, आणि हा धावतो म्हणून शेजारचा. वेगाचा हुकूम कोणी दिला असे विचारले तर कोणाकडेच बोट दाखवता येणार नाही.

हा अनुभव घेण्यासाठी आल्प्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. गेली कित्येक वर्षे मी रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. वयाला आणि गुडघ्यांना मानवेल अशी चाल मी ठरवून घेतलेली आहे, आणि ती मोडायची नाही असा माझा शिरस्ता आहे. पण पाठीमागून एखाद्या तरुणाच्या बुटांखाली मुरूम करकरू लागला, तो ‘काका, जरा साइड’ म्हणून बाजूने निघून गेला आणि त्याच्या पोटऱ्या माझ्या डोळ्यांसमोर वर-वर जाऊ लागल्या, की माझे पाय मला न विचारता जलद पडू लागतात. शंभरेक पावलांनी छाती भात्यासारखी हलू लागते, मी एखाद्या दगडाला हात टेकून दरीतली शोभा पाहण्याचे सोंग करतो, आणि वर पोहोचेपर्यंत तो तरुण दही-ताक पिऊन उतरायलाही लागलेला असतो. ससा-कासवाची गोष्ट येथे लागू पडत नाही, हे मी मोकळेपणाने सांगून टाकतो. शामोनीच्या चौकात तर पुढच्या रांगेत कासव नसतेच. सगळेच ससे, आणि झोप कोणालाच यायची नसते.

शरीराचा हिशेब मात्र कठोर असतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोराच्या श्रमाला काही थोडेच तास पुरते. त्यानंतर जे काही जाळायचे ते पोटातून यावे लागते, आणि पोटाची पचवण्याची शक्ती तासाला मूठभर साखरेपलीकडे फारशी जात नाही. तशात माणूस आपल्या शक्तीपेक्षा जोराने धावू लागला की रक्त आतड्यांकडून पायांकडे वळते, अन्न पोटात तसेच पडून राहते, मळमळ सुरू होते, आणि ज्या तिजोरीतून पुढचे बारा तास खर्च करायचा तिच्यातली आवकच बंद होते. याहून फसवा असतो उतार. उतरताना मांडीचे स्नायू आवळलेल्या स्थितीतच ताणले जातात आणि त्यांचे तंतू सूक्ष्मपणे फाटत जातात. त्या वेळी काही जाणवत नाही, उलट फुकटचा वेग मिळाल्याचा आनंद होतो. त्या आनंदाची वसुली इटलीतील कुर्मायर मागे टाकल्यावर, ग्रां कोल फेरे ही अडीच हजार मीटरांवरची खिंड ओलांडून स्वित्झर्लंडात उतरताना होते. शांपेच्या तळ्याकाठच्या विसाव्यावर सव्वाशे किलोमीटर झालेले असतात, आणि तेथे बाकावर बसलेल्या माणसाला पुन्हा उठताना दोन्ही हातांनी मांड्या ढकलाव्या लागतात.

मग शहाणपण कशात आहे? सावकाश निघण्यात, असे उत्तर प्रत्येक क्रीडा-स्तंभात वाचायला मिळते आणि त्यासाठी २०१६ सालच्या शर्यतीचा दाखला दिला जातो. त्या वर्षी झॅक मिलर हा तरुण अमेरिकन धावपटू आरंभापासून सर्वांना मागे टाकून रात्रभर एकटा पुढे धावत राहिला. अखेरच्या चढांवर तो ढेपाळला आणि सहावा आला. जिंकला तो लुदोविक पोमरे नावाचा चाळिशी उलटलेला फ्रेंच गृहस्थ, जो पहिल्या काही तासांत पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास गेलेला होता. दाखला इतका सुबक आहे की त्यावर संशय घेणे अरसिकपणाचे वाटावे. पण पोमरे मागे पडला तो संयमाने नव्हे, तर पोट बिघडल्यामुळे. त्याने नाइलाजाने जे केले त्याला आपण दुसऱ्या दिवशी धोरण म्हटले, आणि मिलरने विचारपूर्वक पत्करलेल्या जोखमीला उतावीळपणा. पोमरेच्या थोरवीत यामुळे काही उणे येत नाही, कारण बिघडलेले पोट सांभाळून, पन्नास माणसांच्या पाठीमागे जाऊनही ज्याचे मन शर्यतीतून उठत नाही तो मनुष्य सामान्य नव्हेच. आणि २०२४ साली, पन्नाशीला टेकलेला असताना, अमेरिकेतील हार्डरॉक ही शंभर मैलांची शर्यत त्याने २१ तास ३३ मिनिटांत जिंकून तेथला विक्रमही मोडला. माझा आक्षेप आपल्या न्यायदानावर आहे. निकाल हाती आल्यावर मागे जाऊन कोणाला विवेकी आणि कोणाला अविचारी ठरवायचे, हा जाबसाल फार स्वस्त आहे.

जिम वॉम्सलीचे उदाहरण घ्या. याच शर्यतीत तो २०१७ साली पाचवा आला, २०१८ आणि २०२१ साली त्याला ती अर्धवट सोडावी लागली. मग तो बायकोसह अमेरिका सोडून फ्रान्सच्या डोंगरांतील आरेश या गावी राहायलाच गेला. २०२२ साली तो स्वित्झर्लंडच्या हद्दीत आघाडीवर होता, आणि त्या आघाडीचा भार त्याला पेलवला नाही. मागून आलेल्यांनी त्याला गाठले आणि तो चौथा आला. त्या दिवशी किलियन जोर्नेट १९ तास ४९ मिनिटांत पहिला, तर मात्यू ब्लांशार १९ तास ५४ मिनिटांत दुसरा आला. १७१ किलोमीटरांनंतर दोघांत तफावत पाच मिनिटांची. पुढच्या वर्षी वॉम्सली १९ तास ३७ मिनिटांत, म्हणजे तोवरच्या विक्रमी वेळात, जिंकला, आणि त्याला बराच काळ झुंजवून दुसरा आलेला मनुष्य होता तोच झॅक मिलर, जो सात वर्षांपूर्वी उतावीळ ठरला होता. मिलरची वेळ १९ तास ५८ मिनिटे. या वेळात तो आदल्या कित्येक वर्षी विजेता ठरला असता.

आणि ज्यांना सावकाशीचाच मंत्र जपायचा आहे त्यांनी केटी शाइड हिच्याकडेही पाहावे. ही बाई आरंभापासून पुढे धावते. २०२२ साली मधल्या टप्प्यात तिची अवस्था बिकट झाली, प्रतिस्पर्धिनी पुढे गेली, तरी तिने आघाडी पुन्हा मिळवून शर्यत जिंकली; आणि २०२४ साली तर पहिल्यापासून पुढे राहून २२ तास ९ मिनिटांत स्त्रियांचा विक्रम केला. तो विक्रम त्याआधी कर्टनी डॉवॉल्टरच्या नावावर होता, २२ तास ३० मिनिटांचा. त्याच डॉवॉल्टरने २०२३ च्या एका उन्हाळ्यात वेस्टर्न स्टेट्स, हार्डरॉक आणि ही माँ ब्लांची शर्यत अशा तीन शर्यती जिंकल्या, आणि तिसरीत तिला स्वतःच्या जुन्या वेळेपेक्षा जवळजवळ एक तास अधिक लागला. दोन डोंगरी शर्यतींचे कर्ज अंगावर असताना स्वतःच्याच विक्रमाच्या मागे लागण्याचा मोह तिने टाळला असावा, असे मी समजतो. पण हे समजणेही निकालानंतरचेच आहे.

तेव्हा जोराने निघावे की सावकाश, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. ठरवलेली चाल कोणाच्या दृष्टीसाठी मोडली जाते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पूर्वी रात्रीच्या अंधारात डोंगरावर कोण पुढे आणि कोण मागे हे धावणाऱ्यांनाही धड ठाऊक नसे. आता प्रत्येक नाक्यावर त्यांची नोंद होते, कॅमेरा घेतलेला दुसरा धावपटू पाठीमागून येतो, क्रमवारीचे आकडे वर्षभर मानगुटीवर बसलेले असतात आणि पुरस्कर्त्याशी केलेल्या कराराचे नूतनीकरण अनेकदा त्या आकड्यांवर अवलंबून असते. तीस किलोमीटरांवर विसाव्या क्रमांकावर असलेल्याला निवेदक ‘मागे पडला’ असे म्हणतो. कशाच्या मागे? अजून एकशे चाळीस किलोमीटर उरले आहेत! २०२४ साली व्हँसाँ बुयार नावाचा, बूट बनवणाऱ्या कंपनीत अभियंत्याची नोकरी करणारा, कोणाच्याही यादीत नसलेला मनुष्य १९ तास ५४ मिनिटांत ही शर्यत जिंकला, तेव्हा त्याच्याबद्दल सांगण्यासारखे निवेदकांजवळ आरंभी फारच थोडे होते. कोणाचे लक्ष नसणे ही त्याच्या जमेची बाजू होती, असे मला राहून-राहून वाटते.

या दडपणाचा सर्वांत भीषण ताळेबंद मात्र आल्प्समध्ये नव्हे, चीनमध्ये मांडला गेला. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरांच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावत होते. दुपारी उघड्या कड्यावर गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला, आणि २१ माणसे गारठून मेली. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट आवश्यक सामानाच्या यादीत नव्हते. ते केवळ सुचवलेले होते. ज्यांना आघाडी राखायची होती त्यांच्या अंगावर म्हणून पातळ सदरे आणि आखूड चड्ड्याच होत्या, आणि तेच सर्वांच्या आधी त्या कड्यावर पोहोचले होते. चीनचा अग्रगण्य धावपटू लियांग जिंग त्यांत गेला. पहिल्या सहांपैकी एकटा वाचला, तोही झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने त्याला उचलून आपल्या गुहेत नेले, ओले कपडे काढून रजईत गुंडाळले आणि शेकोटी पेटवली म्हणून. त्या मेंढपाळाने त्या दिवशी एकूण सहा जीव वाचवले.

आपल्याकडेही सिंहगड–राजगड–तोरणा या वाटेवर आता शर्यत होते, सह्याद्रीत अशा स्पर्धा वाढत आहेत, आणि ते मला आवडते. संयोजकांकडे माझे मागणे इतकेच की सामानाच्या यादीत ‘सुचवलेले’ हा रकानाच ठेवू नये. जे लागेल ते सक्तीचे करावे, आणि त्याची तपासणी सुरुवातीला मांडवात बसून न करता वर धारेवर, वारा लागतो तेथे, आणि ती पहिल्या दहांची आधी करावी. दोन मिनिटे वाया जातील, अशी तक्रार येईल. येऊ द्यावी. त्या दोन मिनिटांत दम खाणाऱ्याला पाणी द्यावे, जाकीट उलगडून दाखवायला लावावे, आणि कितव्या क्रमांकावर आहोत असे त्याने विचारले तर ते सांगू नये.